गाडी पुढून वाजते तेव्हा

खेड्यापाड्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. डेअरीला दूध घालायचे, बाजार करायचा, शाळा गाठायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे, ही सारी कामे तिच्यावरच चालतात. इंजिन बिघडले तर गाडी बहुधा थांबते आणि आपण ती ढकलत घरी आणतो. पुढच्या चाकाचे तसे नाही. वळण्याचे काम त्याचे, आणि थांबवण्याचे मोठे कामही त्याचेच. कारण ब्रेक दाबला की सारा भार पुढे येतो. तिथे दगा झाला तर माणूस पडतो. सुदैवाने हा भाग दगा देण्याआधी बहुतेक वेळा वाजू लागतो. ते वाजणे कसे ओळखावे, एवढेच आज पाहू.

आवाज कुठून येतो, हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो आणि तिथेच फसतो. शिक्षकांना वर्गातला एक प्रयोग आठवेल. टेबलाच्या एका टोकाला नखाने हळूच खरवडायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. हवेतून ऐकू न येणारी खरखर लाकडातून स्पष्ट ऐकू येते. लोखंडातून तर आवाज त्याहून सहज जातो. म्हणून एक्सलपाशी झालेला आवाज शॉकअपमधून वर चढतो, आणि दिवाच वाजतो आहे असे आपल्याला वाटते. आवाजाचे ठिकाण कानाला नीट कळत नाही. वेळ मात्र बरोबर कळते. तेव्हा ‘कुठून’ हे बाजूला ठेवा आणि ‘केव्हा’ हे विचारा.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर करा. गाडी जागेवर ठेवून इंजिन थोडे वाढवा. तोच आवाज आला तर चाकाचा आणि ब्रेकचा त्यात संबंध नाही. नंबरप्लेट, मडगार्ड, दिव्याचा कवच यांपैकी काहीतरी ढिले आहे. एकेकावर हात दाबून पाहा. आवाज थांबला की चोर सापडला. बोल्ट आवळा आणि कामाला लागा.

उभ्या गाडीवर आवाज नसेल, तर तो चालताना केव्हा होतो ते पाहा.

ब्रेक दाबताना आणि खड्ड्यातून जाताना ‘खट्’ असा एकच ठोका बसतो का? तर पहिला संशय कोनसेटवर घ्या. हँडल ज्यावर फिरते त्या नळीच्या वर आणि खाली वाट्यांत छर्रे असतात. काही गाड्यांत निमुळते रोलर असतात. ते ढिले झाले की हा ठोका बसतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, एकाला मागचा भाग दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. आता शॉकअप खालच्या टोकाला धरून पुढेमागे हलवा. दुसऱ्या कोणीतरी हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवावे. सांध्यात हालचाल लागली तर कोनसेट ढिला आहे. सांधा गच्च असून शॉकअपची नळीच आत खुळखुळत असेल, तर दोष शॉकअपचा. मग हँडल सावकाश दोन्ही बाजूंना फिरवा. मधोमध ते खाच लागल्यासारखे अडकत असेल, तर वाट्यांना खळगे पडले आहेत. असा कोनसेट आवळून भागत नाही, बदलावाच लागतो. उलट फाजील आवळला तर हँडल जड होते आणि गाडी सरळ रेषेत चालत नाही.

चाक फिरते तोवर ‘घरघर’ चालू राहते आणि वेगाबरोबर वाढते का? उतारावर क्लच दाबून पाहा. इंजिन मंदावले तरी घरघर तशीच राहिली, तर ती चाकाची आहे. आता टायर की बेरिंग? डांबरी रस्त्यावरून खडीवर जाताना आवाज बदलला, तर टायरचा संशय घ्या. तसाच राहिला तर बेरिंगचा. खात्रीसाठी चाक उचलून वर आणि खाली धरून आडवे हलवा. एक्सलपाशी खेळ लागला, किंवा चाक फिरवताना हाताला वाळू घासल्यासारखे वाटले, की बेरिंग गेले म्हणून समजा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेणे आणि धुताना जोराचा फवारा थेट एक्सलवर मारणे, ही बेरिंग गंजण्याची नेहमीची कारणे आहेत.

‘टक् टक्’ असा ठरावीक अंतराने येणारा आवाज मोजता येतो. समजा चाकाचा घेर १.९ मीटर आहे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला अडीचपेक्षा थोडे अधिक फेरे. टकटकही तितकीच असेल तर फेऱ्याला एक ठोका पडतो आहे. टायरमध्ये रुतलेला खडा, वाकलेली डिस्क किंवा ढिला आरा शोधा. आरे पान्याने एकेक वाजवून पाहा. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, ढिला बद्द. हे गणित आणि हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांना सहज करता येईल. गाडी मात्र उभी हवी आणि बोटे आऱ्यांपासून दूर.

ब्रेकचे आवाज दोन प्रकारचे असतात. बारीक ‘चीं’ आवाज पुष्कळदा धुळीचा असतो. ब्रेक उघडून साफ करवावा, पण धूळ तोंडाने फुंकू नये. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ‘खरर्र’ आली, तर लायनर किंवा पॅड संपले आहेत. तिथे दिरंगाई नको. एक आवाज मात्र निर्दोष आहे. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीला वाळूवर जोरात ब्रेक लावला, की हाताखाली टकटक धक्के लागतात. चाक जाम होऊ नये म्हणून यंत्रणाच ब्रेक सोडते आणि धरते. त्या वेळी घाबरून ब्रेक सोडू नका.

तात्पर्य काय? प्लेटची खडखड, मीटरच्या केबलची किरकिर ही बाजारच्या दिवसापर्यंत थांबू शकते. कोनसेटचा ठोका, बेरिंगची घरघर, ब्रेकची खरर्र आणि शॉकअपमधून डिस्कवर ओघळणारे तेल, ही चार थांबू शकत नाहीत. मागे बायको-मुले बसवून त्या गाडीवर घाट उतरू नका.

मिस्त्रीकडे गेल्यावरही ‘पुढून आवाज येतो’ एवढेच सांगून भागत नाही. मग तो अंदाजाने सामान बदलतो आणि खर्च तुमच्या खिशातून जातो. ‘ब्रेक दाबल्यावर एकच ठोका बसतो, उभ्या गाडीवर येत नाही,’ असे सांगा. त्याचे अर्धे काम तिथेच होते, आणि तुमचे पैसे योग्य ठिकाणी लागतात.