गोळ्यांच्या सहा महिन्यांत शाबासकीचे काम

टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की बहुतेक घरांत एक प्रसंग घडतो. खोकला थांबलेला असतो, ताप गेलेला असतो, भूक लागू लागते, अंग जरा भरते. मग माणूस म्हणतो, ‘आता मला काही होत नाही, कशाला रोज पोट जाळून घेऊ?’ घरचे म्हणतात, ‘खा मुकाट्याने, नाहीतर मरशील, आम्हालाही घेऊन मरशील.’ बोलणाऱ्याच्या पोटात माया असते, पण ऐकणाऱ्याला त्यातले फक्त मरण ऐकू येते. दुसऱ्या दिवशी तो गोळ्या तोंडात टाकतो आणि मोरीत थुंकतो. नाहीतर पिशवी उचलून गावाला निघून जातो.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सुरुवातीच्या आठवड्यांतच बरेच जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण थोडे जंतू सुस्त पडून राहतात आणि त्यांना संपवायला उरलेले महिने लागतात. मधेच औषध सोडले तर रोग उलटू शकतो, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी होण्याचा धोका असतो. त्याचे उपचार जास्त अवघड आहेत. म्हणजे खरी परीक्षा दुखत असताना नसते, दुखायचे थांबल्यावर सुरू होते. त्या काळात माणसाला रोज गोळी घ्यायला काय लावते? भीती चार दिवस पुरते. पुढे दुसरे काहीतरी लागते.

ते दुसरे म्हणजे कौतुक, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही जण हसतात. ‘औषध घेतले म्हणून आरती ओवाळायची का?’ आरती नको. पण ‘छान, शाब्बास’ एवढेही उपयोगाचे नाही. रोज तेच ऐकले की ते भांड्यांच्या आवाजासारखे कानावरून जाते. कौतुकात काम दिसले पाहिजे. ‘आज चाळीस दिवस झाले. पहाटेच्या पाळीला गेलात तेव्हाही गोळ्या डबीत घालून नेल्यात, विसरला नाहीत.’ या वाक्यात माणसाला कळते की कुणीतरी आपल्याकडे पाहत होते, आणि नेमके काय केल्यामुळे चाळीस दिवस झाले तेही कळते. उद्या काय करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

यावर मुलांबाबतचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. बाबासाहेब शिकले त्या अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना सांगितले, ‘तू हुशार आहेस’. काहींना सांगितले, ‘तू चांगली मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. सगळ्यांचीच चुकली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीचे कौतुक झालेली पुढे गेली. शिवाय ‘हुशार’ मुलांतल्या बऱ्याच जणांनी आपले मार्क दुसऱ्यांना खोटे, वाढवून सांगितले. आम्हाला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला ‘तू शहाणा, तू कधी चुकत नाहीस’ असे म्हटले, तो चुकल्यावर लपवतो. गोळ्यांचेही तसेच आहे. एक दिवस चुकला तर तो सांगता आला पाहिजे. तेव्हा ‘सांगितलेस ते बरे केलेस’ हेच पहिले वाक्य असावे. मग आशाताईंना किंवा केंद्रात विचारावे. चुकलेल्या दिवसाच्या म्हणून दुप्पट गोळ्या मनाने घेऊ नयेत.

‘कौतुकाने माणूस डोक्यावर बसतो’ ही आपल्याकडची जुनी शंका आहे. बाबासाहेबांच्या घरातही ती निघाली होती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतः ही हकिकत सांगितली आहे. ते परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांना त्यांच्या अभिनंदनाची सभा भरवायची होती. वडिलांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने परीक्षाच तर पास केली आहे, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले आणि वडिलांचे स्नेही दादा केळुसकर यांच्याकडे गेले. त्यांनी रामजीबाबांना समजावले, सभा झाली, आणि तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ते पुस्तक पुढे कुठवर गेले ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आम्हाला इथे एवढेच दाखवायचे आहे की केळुसकर ‘वा वा’ करून थांबले नाहीत. हे पोर वाचणारे आहे हे त्यांनी हेरले, आणि त्या गुणाला पुढचे काम दिले.

प्रत्येकाच्या अंगी असा काही गुण असतो. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली माणसांच्या अशा २४ गुणांची यादी केली. धीर, चिकाटी, माया, न्यायबुद्धी, विनोद, नेतृत्व वगैरे. यादी पाठ करायची गरज नाही, घरातल्या माणसाकडे नीट पाहिले तरी पुरते. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री गोळ्यांना कंटाळले होते. त्यांच्या पत्नी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘वीट ओळंब्यात नसेल तर तुम्ही अख्खा थर काढून परत लावता. मग हे काम अर्धे कसे सोडता?’ आणि भिंतीवरचे कॅलेंडर व पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. मिस्त्रींनी रोजची खूण केली, महिन्याला वजन लिहिले. बोलका माणूस असेल तर त्याला नव्या पेशंटबरोबर केंद्रात पाठवावे. रिफाम्पिसिन या गोळीने लघवी लाल-नारिंगी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे त्याच्या तोंडून जास्त पटते. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नसल्या, तर ‘तू किती सोशिक आहेस’ म्हणू नये. तेव्हा लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

सोशिक या शब्दावरून एक बोलायचे आहे. घरातल्या बाईचे कौतुक पुष्कळदा तिच्यावर आणखी काम टाकण्यासाठी होते. ‘तुझ्यासारखे कुणाला जमत नाही’ म्हटले की पाणीही तिनेच भरायचे, सासऱ्यांच्या गोळ्याही तिनेच द्यायच्या. हे कौतुक नव्हे. आशाताईंचे पाहा. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी देशभर टाळ्या-थाळ्या वाजल्या, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. खरे कौतुक असेल तर हातातली एक घागर तरी कमी व्हावी.

आणि त्या बाईने स्वतःचे काय करावे? तिच्याकडे पाहणारे कुणी नसते. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक साधी गोष्ट तपासली. आठवडाभर रोज रात्री, दिवसात बऱ्या झालेल्या तीन गोष्टी आणि त्या का झाल्या ते लिहायचे. असे करणाऱ्यांची उदासी सहा महिन्यांपर्यंत कमी राहिलेली दिसली, आणि ज्यांनी आठवड्यानंतरही सवय चालू ठेवली त्यांना जास्त फायदा झाला. यातला ‘का’ सोडू नये. ‘आज सासऱ्यांनी कुरकुर न करता गोळ्या घेतल्या, कारण मी आधी भाकरी वाढली.’ यात तिची अक्कल तिला दिसते. लिहिता येत नसेल तर झोपताना मुलीला सांगावे; मुलगीही आपल्या तीन सांगेल.

शेजारच्याचा कोर्स पूर्ण झाला, थुंकीची तपासणी साफ आली, तर दारात जाऊन बोलून यावे. मुदिता हा शब्द विहारात आपण ऐकतो. दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद मानणे एवढाच त्याचा अर्थ. टीबी झालेल्या घराच्या दारात वस्ती सहा महिने फिरकत नाही, म्हणून त्या भेटीचे मोल फार.

पोट मात्र शब्दांनी भरत नाही. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात येते. येत नसेल तर खाते नोंदले आहे का ते केंद्रात विचारावे. आणि माणूस दोन-दोन आठवडे झोपत नाही, बोलत नाही, जगून काय करू म्हणतो, तिथे कौतुकाने भागत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. फोन त्याच्याजवळ बसून लावावा.