पेलिकनच्या पोटातलं ऊन

चेन्नईच्या दक्षिण भागात पळ्ळिकरणै नावाची एक भलीमोठी गोड्या पाण्याची दलदल आहे. एका बाजूला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला शहराचा कचराडेपो आणि मधे पाणी, पाणकणसं आणि पक्षीच पक्षी. आपल्याकडचा पावसाळा सरला की तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस पडतो, दलदल तुडुंब भरते आणि पेलिकन दिसू लागतात. चार-पाच किलो वजनाचा हा पक्षी. चोचीखाली कातड्याची झोळी. ती पाण्यात बुडवायची, पाण्यासकट मासे भरून घ्यायचे, पाणी निथळू द्यायचं आणि मान वर करून गट्टम!

पेलिकन मासे खातो, हे तर कुणीही सांगेल. पण खरं म्हणजे तो ऊन खातो. कसं ते बघा.

उन्हातली ऊर्जा पकडून तिचं अन्न करायचं काम या पाण्यात शेवाळ आणि हिरव्या वनस्पतीच करतात. त्यातलं बरंचसं शेवाळ इतकं बारीक असतं, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाही. ते खातो डॅफ्निया, कोळंबी-खेकड्यांच्या भावकीतला, मोहरीच्या दाण्याएवढा जीव. त्याचं अंग पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तर त्याचं धडधडणारं हृदय दिसतं आणि नुकतंच शेवाळ खाल्लं असेल तर आतड्याची हिरवी रेघही दिसते. ते हिरवं म्हणजे पकडलेलं ऊनच! डॅफ्नियाला छोटा मासा खातो आणि माशाला पेलिकन.

आता मजा पुढेच आहे. काल तुम्ही डबाभर पोळीभाजी खाल्लीत. तुमचं वजन डब्याएवढं वाढलं का? नाही ना! खेळण्यात, धावण्यात, श्वास घेण्यात, अंग गरम ठेवण्यात बरीचशी ऊर्जा खर्च झाली आणि उष्णता होऊन हवेत निघून गेली. डॅफ्निया आणि माशांचंही असंच होतं. ढोबळ हिशेब असा, की खालच्या पायरीवरच्या ऊर्जेपैकी दहावा हिस्साच वरच्या पायरीवर पोचतो. शेवाळात १०,००० भाग ऊर्जा असेल तर डॅफ्नियात १,०००, माशात १०० आणि पेलिकनच्या वाट्याला फक्त १०. म्हणून तर तळ्यात शेवाळ अमाप, मासे पुष्कळ आणि पेलिकन मात्र मोजण्याइतके.

हा हिशेब एका अख्ख्या तळ्यासाठी मांडून दाखवला रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणानं. मिनेसोटा राज्यातलं ‘सीडर बॉग लेक’ हे छोटंसं तळं त्यानं वर्षानुवर्षं अभ्यासलं. त्याला काय सापडलं? तिथल्या वनस्पतींनी तळ्यावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम हजारावा भाग पकडला होता! आणि त्यातले शेकडा तेराच्या आसपास भाग वनस्पती खाणाऱ्या जीवांकडे गेले होते. त्याचा लेख आधी नाकारला गेला. शेवटी १९४२ साली तो छापून आला, पण तेव्हा लिंडमन या जगात नव्हता. वयाची सत्तावीस वर्षं पुरी व्हायच्या आतच तो गेला. आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्याच वाटेनं तळ्यांचा हिशेब मांडतात.

बरं, उष्णता होऊन गेलेली ऊर्जा परत येते का? नाही, कध्धीच नाही. रोज नवं ऊन लागतं. पण एक गोष्ट मात्र परत येते. ती बघायला चेन्नईहून सुमारे ८० किलोमीटरवरच्या वेदान्तांगलला जाऊ या.

तिथल्या तळ्यात पाण्यात उभी झाडं आहेत आणि त्यांवर हजारो पक्षी घरटी बांधतात. त्यात मुग्धबलाक नावाचा एक पक्षी असतो. याची चोच मिटली तरी मधे फट राहते! पिल्लांना ती फट नसते, मोठेपणी येते. ही चोच तळ्यातल्या गोगलगायी खायला फार कामाची. शंखातला मऊ जीव तो अलगद ओढून काढतो. हे पक्षी आजूबाजूच्या तळ्यांत आणि भातशेतांत चरतात, पिल्लांना भरवायला घरट्यात येतात आणि त्यांची विष्ठा खालच्या पाण्यात पडते. त्यात नायट्रोजन असतो, फॉस्फरस असतो. तेच पाणी शेतकरी भाताला देतात. ऊर्जा उडून गेली, पण खत फिरून मातीत आलं!

गावकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ब्रिटिश शिपाई पक्ष्यांवर गोळ्या झाडू लागले, तेव्हा हे गावकरी थेट कलेक्टरकडे गेले. १७९८ साली कलेक्टर लायोनेल प्लेस यानं पक्ष्यांना संरक्षण देणारा हुकूम काढला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट! मला ती फार आवडते.

पण ऊन, शेवाळ, डॅफ्निया, मासा, पेलिकन ही साखळी पहिल्याच पायरीवरही तुटू शकते. जलपर्णी तुम्ही पाहिली असेल, नदी-तलाव झाकून टाकणारी, जांभळ्या फुलांची. तिच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, मग शेवाळ वाढत नाही आणि डॅफ्नियाला खायला उरत नाही. सांडपाणी आलं तर उलटंच होतं. शेवाळ बेसुमार वाढतं, मरून कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर तरंगतात.

पळ्ळिकरणै आणि वेदान्तांगल या दोन्ही पाणथळींना २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या ‘रामसर’ यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातलं नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर २०१९ सालीच त्या यादीत आलंय. हिवाळ्यात आईबाबांना घेऊन तिथे नक्की जा. दुर्बीण न्या आणि मासे खाणारे पक्षी किती, पाण्यातल्या वनस्पती खाणारी बदकं किती, ते मोजून वहीत लिहून ठेवा.