आकड्याला विचारायचे तीन प्रश्न

गेले काही रविवार मॉसन लेक्स येथील आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा मुले वह्या घेऊन बसतात. दहावी ते बारावीच्या या मुलांची परीक्षेपूर्वी संख्याशास्त्राची आणि संभाव्यतेची उजळणी व्हावी, एवढाच हेतू. दक्षिण ऑस्ट्रेलियात बारावीच्या ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ या विषयात हा भाग बराच मोठा आहे. मुलांना सूत्रे पाठ असतात, आकडेमोड कॅल्क्युलेटर करतो. अडते ते उत्तराचा अर्थ सांगताना. एकदा अकरावीतील मुलीने सहज विचारले, “काका, सरासरी काढली की त्या ग्रुपबद्दल सगळं कळलं ना?”

या प्रश्नाशी आपल्या समाजाचा जुना संबंध आहे. आपल्याविषयी इतरांनी मांडलेल्या आकड्यांतून आपली ‘पायरी’ ठरवण्याचे प्रयत्न एकेकाळी झाले आहेत. म्हणून मी मुलांना कोणत्याही आकड्याला तीन प्रश्न विचारायला सांगितले.

पहिला प्रश्न : मध्यभागी नेमके कोण आहे? समजा, एका गावात पाच शेतकरी आहेत आणि त्यांच्याकडे अनुक्रमे 1, 1, 2, 2 आणि 44 एकर जमीन आहे. बेरीज 50, म्हणून मध्य, म्हणजेच सरासरी, 10 एकर. पण दहा एकरांचा शेतकरी त्या गावात एकही नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर मध्यक येतो 2 एकर. गावाचे खरे चित्र या दुसऱ्या आकड्यात दिसते. एखादी संख्या फार मोठी असेल, तर मध्य तिच्याकडे ओढला जातो. मध्यक सहसा जागचा हलत नाही. बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात याच्याही पुढचा मुद्दा मांडला होता. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्याशी असलेल्या प्रमाणावरून ठरते. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यात आहे.

दुसरा प्रश्न : आकडे किती पसरले आहेत? एका गटातील तिघांचे गुण 58, 60, 62. दुसऱ्या गटातील तिघांचे 20, 60, 100. दोन्हींचा मध्य 60 आणि मध्यकही 60. फरक कळतो तो प्रमाण विचलनातून. प्रत्येक संख्येचे मध्यापासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी वर्गमूळ घ्यायचे. पहिल्या गटाचे उत्तर सुमारे 1.6, दुसऱ्याचे सुमारे 32.7.

वर्गमूळ घेण्यापूर्वीच्या राशीला ‘व्हेरिअन्स’ हे नाव रोनाल्ड फिशर यांनी, तेही 1918 सालीच, दिले. आधुनिक संख्याशास्त्राच्या या शिल्पकाराची अखेरची वर्षे आपल्या अ‍ॅडलेडमध्ये गेली आणि 1962 साली येथेच त्यांचे निधन झाले. तेच फिशर माणसांचा ‘वंश सुधारण्याच्या’ युजेनिक्स विचाराचे पुरस्कर्ते होते, हेही मुलांना सांगायला हवे. सूत्र बरोबर असले म्हणून ते वापरणाऱ्याचे सगळेच निष्कर्ष न्याय्य ठरत नाहीत.

भारतात हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व लांबी यांच्या गुणोत्तराच्या जातवार सरासऱ्या काढल्या आणि त्यांचा संबंध जातीच्या सामाजिक दर्जाशी जोडला. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते. पण दोन गटांच्या सरासऱ्यांत थोडा फरक असला, तरी त्या गटांतील माणसांचे आकडे मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेले असू शकतात. पुढे बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात प्रा. घुर्ये यांनी अभ्यासलेली मोजमापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवून दिले. अस्पृश्यतेचे मूळ वंशात आहे हा दावा त्यांनी त्याच मोजमापांच्या आधारे खोडला. नाके मोजून वंश ठरवणे आज विज्ञानाला मान्य नाही. तरीही समोरच्याचेच आकडे घेऊन त्याला उत्तर देण्याची ही रीत मुलांनी शिकण्याजोगी आहे.

तिसरा प्रश्न : कशापैकी? संभाव्यता म्हणजे अनुकूल शक्यता भागिले एकूण शक्यता. पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलेही चुकतात ती या छेदात. भारताच्या 2011 च्या जनगणनेनुसार देशात 84,42,972 बौद्ध होते. त्यांपैकी 65,31,200 महाराष्ट्रात. म्हणून भारतातील कोणतीही एक बौद्ध व्यक्ती यादृच्छिक निवडली, तर ती महाराष्ट्रातील असण्याची संभाव्यता सुमारे 77 टक्के. आता प्रश्न उलटा करा : महाराष्ट्रातील कोणतीही एक व्यक्ती निवडली, तर ती बौद्ध असण्याची संभाव्यता किती? राज्याची लोकसंख्या 11,23,74,333. म्हणजे उत्तर केवळ 5.8 टक्के. अंश तोच, छेद बदलला. यालाच सशर्त संभाव्यता म्हणतात. ‘गुन्हेगारांपैकी अमुक समाजाचे किती’ हा आकडा ‘अमुक समाजापैकी गुन्हेगार किती’ म्हणून खपवला जातो, तेव्हा नेमकी हीच अदलाबदल झालेली असते. स्थलांतरितांच्या मुलांनी तरी ती ओळखलीच पाहिजे.

हे उदाहरण सोडवून झाल्यावर त्या मुलीने वहीत स्वतःच्या पहिल्या प्रश्नाखाली उत्तर लिहिले : “नाही. अजून दोन प्रश्न विचारायचे आहेत.” मग तिने मलाच विचारले, “पण काका, जनगणनेत ज्यांची नोंदच चुकली, ते कुठल्या छेदात येतात?”

पुढच्या रविवारी नमुना निवडीची उजळणी आहे. सुरुवात तिच्या या प्रश्नापासूनच करणार आहोत.