घरी निसटलेला करंडक

मद्रासमधल्या मराठी खुणा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद चाळत बसलो होतो. आज मैदानावर जाऊ.

मी राहतो नुंगंबाक्कमला. इथल्या लोकल स्टेशनाला लागूनच लोयोला कॉलेज आहे, १९२५ साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेलं. संध्याकाळी ऊन उतरलं की तिथे पोरं फुटबॉल खेळायला जमतात. परवा कडेला उभा होतो. एक पोरगा उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. नाडी बुटाच्या तळाखालून नेऊन एक वेढा घेतला, दातओठ खाऊन ओढली आणि मग वर गाठ मारली. माटुंग्याला आमच्या वाडीतली पोरं अगदी अशीच बांधायची. मी मुंबईचा म्हटल्यावर त्याने सरळ विचारलं, "अंकल, तिकडे फुटबॉल खेळतात?"

प्रश्न मला लागला. कारण मुंबईच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा दिवस उजाडला तो याच पोराच्या गावात, आणि ते ना त्याला ठाऊक, ना मुंबईकरांना.

१९५४-५५ चा हंगाम. संतोष करंडकाची स्पर्धा त्या वर्षी मद्रासला होती. अंतिम सामन्यात मुंबईने सर्व्हिसेसला, म्हणजे सैन्यदलांच्या संघाला, २-१ असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं.

संतोष करंडक म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. संतोष हे माणसाचं नाव नव्हे, गावाचं. आज बांगलादेशात गेलेल्या टांगाईल भागातली ती जमीनदारी. तिथले महाराजा मन्मथनाथ रायचौधुरी कलकत्त्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ असोसिएशनने हा करंडक दिला आणि १९४१ पासून राज्याराज्यांच्या संघांची स्पर्धा सुरू झाली. क्रिकेटला रणजी, तसा फुटबॉलला संतोष. आज लीगच्या झगमगाटात तो बाजूला पडला आहे, पण त्या काळी देशातल्या कुठल्याही फुटबॉलपटूची खरी परीक्षा इथेच व्हायची. भारताचा संघ निवडणारे इथे येऊन बसत.

आणि ही स्पर्धा जवळजवळ बंगालच्या घरची होती. १९५४ पर्यंत दहा वेळा भरली, त्यांत सात वेळा बंगाल जिंकला. म्हैसूर दोनदा, दिल्ली एकदा. मुंबई तीनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि तिन्ही वेळा बंगालनेच तिला परत पाठवलं. १९४५ ला ०-२. १९४७ ला कलकत्त्यात पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला, तेव्हा एका गोलने हार. १९५१ ला परत एका गोलने. यांतले १९४५ आणि १९५१ चे सामने खुद्द मुंबईत झाले. आपलं मैदान, आपली माणसं, आणि करंडक मात्र हावड्याच्या गाडीत.

मुंबईत फुटबॉल कमी होता असं मुळीच नाही. कूपरेजवर रोव्हर्स करंडक १८९१ पासूनचा. हारवूड लीग होती, नाडकर्णी करंडक होता. धोबीतलावच्या कुडांत राहणारे गोव्याचे तरुण दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर यायचे. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली खोल्यांची जागा म्हणजे कुड. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल अशा कंपन्यांचे संघ होते, रेल्वेचे होते. खेळाडूला नोकरी मिळायची ती पायांच्या जोरावर. याच मैदानांतून टाटा स्पोर्ट्सचा नेव्हिल डिसूझा पुढे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने खुद्द यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत तो सामना ४-२ ने जिंकून उपांत्य फेरीत गेला.

मग अडत कुठे होतं? माझं मत सांगतो. मुंबईचा संघ वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांचा होता. टाटाचा बचावपटू कॅलटेक्सच्या आघाडीवाल्याला आठ महिने अडवायचा आणि नवव्या महिन्यात त्यालाच पास द्यायचा. घरी स्पर्धा असली की सामना संपताच प्रत्येक जण आपल्या वाटेने जायचा. कुणाला सकाळची पाळी, कुणाला लग्नघर. बाहेरगावी मात्र पंधरा-सोळा जण एकाच छताखाली राहतात, एका पंगतीला जेवतात. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उद्याच्या सामन्याचं बोलतात. मद्रासला मुंबईचा संघ खऱ्या अर्थाने संघ झाला, असं मला वाटतं.

समोरचा सर्व्हिसेसचा संघ नेमका याच बाबतीत बलवान. फौजेत गेलेला खेळाडू आपल्या राज्याकडून न खेळता सर्व्हिसेसकडून खेळतो. त्यामुळे पंजाब, बंगाल, मद्रास, हैदराबाद, सगळीकडची माणसं तिथे एकत्र, आणि ती वर्षभर एकाच शिस्तीत. दम कमालीचा. त्यातून तो काळ बदलाचा. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवल्यावर बूट सक्तीचे झाले होते, आणि अनवाणी वाढलेल्या कित्येक नामवंतांना नव्याने चेंडू मारायला शिकावं लागत होतं. फौजी पायांना बूट परके नव्हते. अशा संघाविरुद्ध २-१ ही फार मोठी कमाई.

त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली. मद्रासने क्रिकेटचा रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. कुठे, तर इंदूरला, होळकर संघाला ४६ धावांनी हरवून. म्हणजे क्रिकेटवेड्या मुंबईला फुटबॉलचा करंडक मद्रासने दिला, आणि मद्रासला क्रिकेटचा करंडक मराठी राजघराण्याच्या गावात मिळाला. पुढे वर्षभरातच, जानेवारी १९५६ मध्ये, मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर विनू मांकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध ४१३ धावांची सलामी दिली. तो आकडा आमच्या पिढीला पाढ्यासारखा पाठ. २-१ कुणाला आठवत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

१९५४ नंतर मुंबईचं नशीब पुन्हा फिरलं. १९५६ आणि १९५७, सलग दोन अंतिम सामने हैदराबादने हिरावले. ते दिवस सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाचे. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स करंडक मुंबईत येऊन नेणाऱ्या हैदराबाद पोलिसांच्या मागेही तेच. १९५९ ला परत बंगाल. १९६१ ला स्पर्धा मुंबईत आली, संघाचं नाव आता महाराष्ट्र झालं होतं, आणि रेल्वेने घरच्या प्रेक्षकांदेखत ३-० ने हरवलं. हिशेब मांडून पाहा. तोवर सात अंतिम सामने हरलेले, त्यांतले तीन मुंबईत. जिंकलेला एकच, मद्रासचा.

१९६३-६४ ला स्पर्धा पुन्हा मद्रासला आली. समोर आंध्र प्रदेश, म्हणजे हैदराबादचाच वारसा. रहीमसाहेब त्याच वर्षी जूनमध्ये कॅन्सरने गेले होते. आदल्या वर्षी जकार्त्यात भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारा हा माणूस. त्यांच्या माघारी त्यांच्या मुलुखाचा संघ मद्रासच्या मैदानावर उतरला आणि महाराष्ट्राने त्याला एका गोलने हरवलं. आनंद झाला असेल यात शंका नाही, पण तो सामना आठवला की मला हरलेल्या बाजूचंही वाईट वाटतं. त्या पिढीतला महाराष्ट्राचा गाजलेला गोलरक्षक एस. एस. नारायण जन्माने केरळच्या ओट्टपालमचा आणि वाढला माटुंग्यात. मुंबईच्या फुटबॉलमध्ये दक्षिण अशी पहिल्यापासून मुरलेली होती.

पुढचं थोडक्यात. महाराष्ट्राने संतोष करंडक आणखी दोनदा जिंकला, १९९०-९१ ला पालघाटमध्ये आणि १९९९-२००० ला त्रिचूरमध्ये, दोन्ही वेळा केरळलाच त्याच्या अंगणात हरवून. चारही करंडक दक्षिणेत. आणि आपल्या शेजारच्या गोव्याचं म्हणाल, तर १९८२-८३ ला त्यांना बंगालबरोबर विजेतेपद वाटून घ्यावं लागलं. एकट्याचं पहिलं विजेतेपद मिळालं ते पुढच्या हंगामात, पंजाबला १-० ने हरवून. गाव मद्रास! ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढे अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ला पद्मश्री मिळालेले, तेव्हा गोव्याचे गोलरक्षक होते.

परवाच्या त्या संध्याकाळनंतर राहवेना. रविवारी नुंगंबाक्कमहून लोकल पकडली. चेत्पेट, एग्मोर, मग पार्क. १९३१ पासून विजेवर धावणारी ही लाइन. पार्कला उतरून सेंट्रलसमोरून रिपन बिल्डिंगच्या मागे गेलं की जुन्या कॉर्पोरेशन स्टेडियमची जागा येते. १९९३ ला तिथे नेहरू स्टेडियम नव्याने उभं राहिलं. जुनं काही उरलेलं नाही. गेटवर रखवालदार होता. मी त्याला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं, आमच्या मुंबईने या तुमच्या गावात फुटबॉलचा करंडक दोनदा जिंकलाय. त्याने कोणतं साल ते विचारलं. मी सांगितलं. तो क्षणभर थांबला, हिशेब केला आणि म्हणाला, म्हणजे माझे वडील तेव्हा शाळेत होते. मग त्याने गेट हातभर उघडून मला आतलं गवत बघू दिलं.

(पुढील लेखांक : सौकारपेठेतली मराठी घरं)