गालिचा जाड की पातळ? आधी उष्णता कुठून येते ते बघा

डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होते त्या पोफळीत डिसेंबरच्या पहाटे लादीवर अनवाणी पाय ठेवून बघा. पाय गारठतात. मग आपण सतरंजी टाकतो, तिच्यावर घोंगडी. जितकं जाड तितकं ऊबदार, हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता समजा, पीएच.डी.साठी तुम्ही जर्मनीला किंवा इंग्लंडला गेलात. तिथल्या काही घरांत फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि खोली त्यांच्यावरच तापते. अशा फरशीवर जाड गालिचा आणि खाली मऊ, जाड अंडरले घातला, तर खोली थंड राहील.

असं का? पोफळीत उष्णता पायाकडून लादीकडे जाते आणि ती आपल्याला अडवायची असते. तिथे उष्णता फरशीकडून खोलीकडे यायला हवी. गालिचा तोच, त्याचा गुणधर्म तोच. बदलली ती उष्णतेची दिशा.

आता हे मोजूया. कापड उष्णता किती अडवतं, म्हणजे त्याचा उष्णतारोध, ब्रिटनमध्ये 'टॉग' या एककात सांगतात. १ टॉग म्हणजे ०.१ चौरस मीटर केल्विन प्रति वॉट. शाळेतली रोधांची एकसर जोडणी आठवा. उष्णता आधी अंडरलेतून आणि मग गालिच्यातून जाते, म्हणून दोघांच्या रोधांची बेरीज करायची. १.४ टॉगचा गालिचा आणि १ टॉगचा अंडरले मिळून २.४ टॉग. ब्रिटनमध्ये दोन्ही मिळून २.५ टॉगच्या आत राहावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. युरोपच्या ईएन १२६४ या मानकात आवरणाचा रोध ०.१५ पर्यंतच, म्हणजे १.५ टॉगपर्यंत, धरलेला आहे.

या आकड्यांचा अर्थ काय? खोली २० अंशांवर ठेवायला दर चौरस मीटरला ५० वॉट लागतात असं धरू. त्यासाठी वरचा पृष्ठभाग साधारण २५ अंश हवा. आवरणाच्या खालच्या आणि वरच्या बाजूंच्या तापमानातला फरक म्हणजे ५० गुणिले रोध:

– टाइल (रोध सुमारे ०.०१): अर्धा अंश. खाली २५.५ अंश पुरतात.
– १.५ टॉग: ७.५ अंश. खाली ३२.५ हवेत.
– २.५ टॉग: १२.५ अंश. खाली ३७.५ हवेत.

नळ्यांतलं पाणी त्याहूनही गरम लागतं. पाणी तापवायला हीट पंप असेल, तर जितकं गरम पाणी तितकी त्याची कार्यक्षमता कमी आणि विजेचं बिल जास्त. पाणी तेवढं तापलंच नाही, तर खोली गार.

मग निवडायचं काय? आखूड लवीचा, घट्ट विणीचा गालिचा. खाली सपाट, दाट रबराचा पातळ अंडरले. फोमचा फुगीर अंडरले नको, कारण त्यात कोंडलेली हवाच उष्णता अडवते. दुकानात दोन्हींचे टॉग विचारा आणि बेरीज करा. गालिच्याच्या लेबलवर असतो तो एकट्या गालिच्याचा आकडा. 'अंडरफ्लोअर हीटिंगला चालतो' असं लिहिलेलं असलं तरी त्यात अंडरले धरलेला नसतो. लोक फसतात ते इथेच.

यात संशोधनाला लागणारी एक सवय आहे. 'जाड म्हणजे ऊबदार' ही समजूत खोटी नव्हती. ती एका परिस्थितीत खरी होती, आणि ती परिस्थिती आपण कधी बोलूनच दाखवली नव्हती. तुमच्या संशोधन प्रस्तावातही अशी वाक्यं असतील, इतकी ओळखीची की त्यांना संदर्भ द्यावासा वाटत नाही. त्यातलं एक आज वेगळं काढा आणि त्याच्याखाली लिहा: हे कुठे खरं आहे, आणि काय बदललं तर उलटं होईल? गाईडने विचारण्याआधी उत्तर तुमच्याकडे असू दे.