उठण्यापूर्वी क्षणभर थांबा

गेल्या पर्युषणात चौविहार उपवासाच्या दिवशी 48 मिनिटांचे सामायिक पूर्ण करून मी झटकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या श्रावकांनी सावरले नसते, तर पडलोच असतो.

आपण उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील धमनी आणि हृदयालगतची महाधमनी यांच्या भित्तींतील दाबसंवेदक ही घट तत्काळ टिपून मेंदूच्या तळाशी कळवितात. तेथून आज्ञा सुटते, हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि काही सेकंदांत दाब सावरतो. दाब वाढल्यास याच्या उलट घडते. पेढीवरील दक्ष मुनीमच जणू!

वाढत्या वयात हा मुनीम मंदावतो. निर्जळ उपवासाने शरीरातील पाणी घटते. रक्तदाबाच्या गोळ्या त्यात भर घालू शकतात. उभे राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरल्यास दुर्लक्ष करू नये.

म्हणून ज्येष्ठांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आसनावरून उठण्याआधी पाय हलवावेत, आधार घेऊन सावकाश उठावे आणि मिनिटभर थांबून मगच चालावे. देह सावध राहिला, तरच आराधना निर्विघ्न पार पडते.