सीमेवरच्या मराठी घरांचे दप्तर आणि बाहेरची हार्ड डिस्क

पांढुर्णा आणि सौंसर हा परिसर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचा हा मराठी पट्टाही त्याच्याबरोबर तेथेच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी राज्यकारभाराची भाषा हिंदी असल्यामुळे येथील मराठीचा लेखी आणि बोलका ऐवज मुख्यतः घरांनीच सांभाळायचा आहे. ज्या घरांत भोसलेकालीन मोडी कागद उरले आहेत, ज्यांच्याकडे शेताची जुनी वाटणीपत्रे, भजनी मंडळांच्या वह्या, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या गाण्यांची किंवा पवारी बोलीतल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणे आहेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीची, म्हणजे परंपरागत दगडफेकीची, वर्षानुवर्षांची छायाचित्रे आहेत, त्यांच्यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क, निवडणे ही केवळ बाजारहाटाची बाब राहत नाही.

हार्ड डिस्कही योगायोगाने १९५६ चीच आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आयबीएम कंपनीने जगापुढे आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर त्याच्या लाखो पट माहिती राहते, परंतु तत्त्व तेच आहे : चुंबकीय लेप दिलेली चकती गरगर फिरते, साध्या पोर्टेबल डिस्कमध्ये बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा, आणि तिच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश अंतरावर तरंगणारे शीर्ष त्या लेपावरील सूक्ष्म चुंबकांची दिशा बदलून लिहिते आणि ती ओळखून वाचते. अंतर इतके कमी असल्यामुळे चालू डिस्क टेबलावरून पडली तर शीर्ष चकतीवर घासून माहिती कायमची जाऊ शकते, आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला की ती लगेच बंद करावी, ती कोणत्याही दुकानात उघडू देऊ नये, कारण धुळीचा एक कण शीर्ष आणि चकती यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

या नाजूकपणामुळे दुकानदार हल्ली एसएसडी सुचवतो. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती अर्धवाहक चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने साठते, त्यामुळे एसएसडी वेगवान असते आणि धक्के सहन करते. रोज लग्नांचे चित्रीकरण घेऊन सौंसर ते नागपूर फिरणाऱ्या छायाचित्रकाराने एसएसडीच घ्यावी. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी मात्र तिची शिफारस करता येत नाही, कारण वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू गळतो आणि उष्णता वाढली की अधिक वेगाने गळतो. जेडेक या उद्योगसंस्थेच्या मानकानुसार, लेखनाची पूर्ण मर्यादा वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकते हे खरे, तरी ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेथे घराण्याचे कागद कपाटातल्या एसएसडीच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नाही. चुंबकीय डिस्क संथ असली तरी विजेविना पडून राहण्याच्या बाबतीत अधिक भरवशाची आहे आणि तेवढ्याच क्षमतेला तिची किंमतही बरीच कमी पडते, म्हणून एका एसएसडीच्या पैशांत दोन चुंबकीय डिस्क घेणे हाच येथे योग्य निर्णय ठरतो.

क्षमता किती घ्यावी, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा हिशेबाने ठरवता येते. ए-४ आकाराचे एक पान दर इंचाला ६०० बिंदू या घनतेने, रंगीत आणि न दाबता स्कॅन केले, तर त्याची फाइल सुमारे १०४ मेगाबाइटची होते, म्हणजे हजार पानांच्या दप्तराला १०४ गिगाबाइट लागतात. उत्तम प्रतीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण साधारण एक गिगाबाइट घेते, तर लग्नाचे चांगल्या दर्जाचे ४के चित्रीकरण तासाला ४५ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते. कागद आणि आवाज जपणाऱ्या कुटुंबाला एक टेराबाइट पुरते, स्टुडिओला चारही कमी पडतात. एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइटच दाखवते, ही फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. खरी फसवणूक वेगळी आहे : १६ टेराबाइट असे छापलेली, अगदी स्वस्त, हलकी वस्तू ऑनलाइन विकली जाते, तिच्या आत लहानसे मेमरी कार्ड असते आणि ते संगणकाला खोटी क्षमता सांगते, त्यामुळे आधीच्या फाइलींवर नव्या फाइली लिहिल्या जातात आणि महिन्यांनी उघडून पाहिल्यावरच नुकसान कळते. अशा वस्तूची क्षमता एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासता येते. चुंबकीय हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, त्यामुळे नावांच्या तुलनेत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पक्के बिल आणि वॉरंटी पाहावी.

बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कवेलूंच्या छपरासारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे मधली जुनी माहिती बदलायची झाली की शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि काम मंदावते. परंतु एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपला याने फारसे बिघडत नाही. जोडणी यूएसबी ३.० ची असावी, कारण जुन्या यूएसबी २.० वरून एक टेराबाइट उतरवायला सुमारे आठ तास लागतात, तर ३.० वरून काम त्याहून बरेच लवकर होते, आणि मधेच वीज जाण्याची शक्यता असलेल्या गावी हा फरक मोलाचा आहे. याच कारणाने अडीच इंची डिस्क बरी. ती लॅपटॉपकडूनच वीज घेते, साडेतीन इंचीला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालायला एक्सफॅट ही मांडणी सोयीची, फक्त विंडोज असल्यास एनटीएफएस अधिक सुरक्षित. फॅट३२ टाळावी, तिच्यात ४ गिगाबाइटहून मोठी फाइल मावतच नाही.

डिस्क कोणतीही घेतली तरी ती एकच असेल तर तिला बॅकअप म्हणता येत नाही. मूळ फाइल संगणकावरून पुसली आणि डिस्कवरच ठेवली, तर प्रत पुन्हा एकच उरते. ही चूक अगदी सर्रास होते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम असा आहे की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. पांढुर्ण्याच्या घरातील दुसरी डिस्क सौंसरला लेकीकडे किंवा नागपूरला भावाकडे राहिली, तर आग, चोरी किंवा नदीकाठच्या वस्तीत शिरलेले पाणी एका वेळी दोन्ही प्रतींपर्यंत पोचत नाही. गूगलसारख्या सेवेची मोफत १५ गिगाबाइट जागा निवडक कागदांच्या तिसऱ्या प्रतीला पुरते, मात्र खातेदाराच्या पश्चात पासवर्ड घरच्यांना ठाऊक असला पाहिजे. काम झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतात.

ठेवणीतली डिस्क वर्षातून दोनदा जोडून दहा-वीस फाइली खरोखर उघडून पाहाव्यात, त्यांतली एखादी मोडीची प्रतिमा पूर्ण मोठी करून वाचावी आणि एखादे ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकावे. पाच वर्षांच्या सुमारास सारा ऐवज नव्या डिस्कवर उतरवावा, आणि तिच्यावरच्या फाइली तपासून होईपर्यंत जुनी डिस्क पुसू किंवा विकू नये.